पाचवी वाटी

केसानं गळा कापणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण त्या रविवारी चुनोकताईच्या खानावळीत जे पाहिलं, ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

चुनोकताई म्हणजे ओसाकातल्या आमच्या इकुनो वस्तीची मावशी. सगळी गिऱ्हाइकं तिला मावशीच म्हणतात. मी तेवढी ताई म्हणते, कारण आम्ही दोघी एकाच बेटावरच्या, कोरियातल्या जेजूच्या. ती पोरवयात बोटीनं इकडे आली, लग्न झालं. नवरा भंगार गोळा करायचा, तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि पदरात पोरगा राहिला. जपानी खाटीक डुकराची आतडी फेकून द्यायचे. हिनं ती उचलून आणली, धुतली, लसूण-तिखट चोळून शेगडीवर भाजली आणि विकायला बसली. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग तेच नाकवाले बाकड्यासाठी भांडायला लागले. आता दारावर पाटी आहे, ‘कोरियन आणि जपानी जेवण’. तव्याच्या एका बाजूला आमची आतडी, दुसऱ्या बाजूला त्यांचं कोबीचं धिरडं. मी शेजारच्या कारखान्यात चपलांचे तळ चिकटवते. दिवसभर त्या डिंकाच्या वासानं डोकं भणभणतं, मग घरी चूल कोण पेटवणार? रोज तिच्याकडेच जेवते.

आमच्यात भाताची वाटी खाली ठेवून चमच्यानं खातात. उचलून खातो तो भिकारी. जपान्यांचं उलटं, वाटी हातात घ्यायची आणि काड्यांनी खायचं. खाली वाकून खातं ते कुत्रं. ताईच्या पोराला, सोंगिलला, शाळेत ह्याच्यावरून मार पडला होता. तेव्हा तिनं त्याला समोर बसवून शिकवलं, “घरात वाटी खाली, बाहेर वाटी हातात. कुणी बोट दाखवता कामा नये.” पोरगं हुशार. घरात सोंगिल, बाहेर सेईची. शिकला, कोबे शहरात मोठ्या कंपनीत लागला, येणं कमी झालं. ताई मात्र प्रत्येक फोनला एकच रड लावायची, “मुलगी दाखव रे, डोळे मिटायच्या आत सून दाखव.”

आणि एकदा त्याचा फोन आला. होत्ता नावाच्या जपानी माणसाची मुलगी, मिनाको. रविवारी दुपारी तिला आणि तिच्या आईवडिलांना घेऊन खानावळीत जेवायला येतो म्हणाला. बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. दुकान इतरांना बंद. ट्रंकेतून लग्नातला पोपटी झगा काढला. मला म्हणाली, “मालसुन, माझ्या बाजूनं कुणीतरी हवं. येऊन बस. आणि तोंड आवर.”

“मी काय बोलते गं?”

“तू बोललीस की लग्न मोडतं. तुझं मोडलं तेव्हा मी होते तिथे.”

अस्सं! पण गेले, चांगल्या उंच टाचेच्या चपला घालून गेले.

दार सरकलं. पुढे सोंगिल, मागे ती तिघं. ताई दोन्ही हात पुढे करून निघाली, आणि हा मेला कमरेत वाकून म्हणतो, “मालकीणबाई, चार जणं आहोत.”

ताईचे हात तसेच राहिले. मग तिनं ते झग्याला पुसले आणि म्हणाली, “या, बसा.”

मुलीची आई हरखून म्हणाली, “किती सुंदर पोशाख! गिऱ्हाइकांसाठी एवढं नटता तुम्ही?”

“आज नटले,” ताई म्हणाली.

सोंगिल हात धुवायच्या निमित्तानं आत आला. मी मोरीजवळच्याच बाकड्यावर होते, सगळं ऐकलं. “आई, तुला मुलगी बघायची होती ना? बघ. आज फक्त काही बोलू नकोस. लग्न होऊ दे, मग सांगतो.”

“मग म्हणजे कधी रे? मी मेल्यावर?”

त्यानं हात पुसले. ताईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि तिखट कोबीच्या किमचीची ताटली उचलली. “जा, बस. निखारे विझतायत.” म्हणजे पोटात घातलं की तिनं त्याचं वागणं! मी असते तर ताटलीच डोक्यात घातली असती.

वाढता वाढता तिनं सगळ्यांना दारू ओतली. सोंगिलनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि पिताना तोंड एका बाजूला वळवलं. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही असंच पितो, जपानी माणूस असं करत नाही. त्याच्याही नकळत झालं ते. ताईनं पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसली. पोरगं अजून आपलंच आहे, असं ते हसू होतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

होत्ता माणूस चांगला होता. घाम पुसत, रश्श्याचे भुरके मारत म्हणाला, “मालकीणबाई, आमच्या सेईचीला जरा जास्त वाढा. आईबापाविना वाढलाय बिचारा. आईच्या हातची चव कसली ती त्याला ठाऊकच नाही. आज तुम्हीच आईच्या हातानं वाढा.”

तव्यावर धिरडं करपत होतं. ताईनं उलथनं खाली ठेवलं.

“आई कधी गेली हो तुमची?” तिनं पोराला विचारलं. ‘हो’ लावून.

अरे, अजून वेळ गेली नव्हती! एक शब्द बोलला असता, नुसता रडला असता तरी चाललं असतं. त्यानं भाताची वाटी हातात उचलली, अगदी तिनं शिकवल्यासारखी, आणि वाटीत बघत म्हणाला, “मी लहान असताना.”

“लहान असताना,” ताई म्हणाली. “फार वाईट झालं.”

ती आत गेली आणि भाताची पाचवी वाटी शिगोशीग भरून घेऊन आली. चौघांच्या मधोमध ठेवली आणि भातात चमचा उभा खोचला. आमच्यात असा भात मेलेल्याला वाढतात. जपान्यांत काड्या उभ्या करतात, एवढाच फरक. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला कळलं.

“ह्यांच्या आईसाठी,” ताई म्हणाली. “माझ्याकडून.”

मिनाकोच्या डोळ्यांत पाणी आलं. होत्तानं काड्या खाली ठेवल्या, हात जोडले, डोळे मिटले. बायकोनंही जोडले. मुलीनंही. मग त्याला सुटका कुठली? सोंगिलनं त्या वाटीपुढे हात जोडून मान खाली घातली, आणि वाटीच्या पलीकडे त्याची आई पोपटी झग्यात उभी होती.

निघताना होत्तानं दहा वेळा आभार मानले. सोंगिल दारात वाकला, “जेवण छान होतं.” येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हणणारी बाई, त्या दिवशी तिनं नुसतं दार सरकवलं.

माझं तोंड सुटलंच, “त्या मेल्याच्या मागे जाते मी! भर रस्त्यात सांगते, तू कुणाचा कोण ते! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा—”

“बस खाली,” ताई म्हणाली.

ती त्याच्याच जागेवर बसली. पाचवी वाटी पुढे ओढली, चमचा उपटला, भाताचे दोन भाग केले आणि अर्धा माझ्या वाटीत टाकला.

“खा. मेलेल्याचा भात घरच्यांनीच संपवायचा असतो. आता घरचं म्हणायला तूच उरलीस.”