वाकीसाठी भात सोडणार नाय

मैत्रिणींनो, दुपारी घडलंय, पण डोकं अजून तापलेलं हाय.

पुढच्या महिन्यात दिराचं लग्न. हळदीला सुनांनी आजेसासूबाईंची चांदीची वाकी दंडावर घालायची, ही आमच्या पोशीरच्या घरची रीत. माझ्या लग्नात मी महिनाभर भात सोडून, चक्कर येईपर्यंत उपास काढून ती चढवली होती. वर्षाच्या आत वजन परत आलं. आज वाकी कोपराशीच अडकली.

सासूबाई म्हणाल्या, “परत भात सोड गं. माझ्या सासूबाईंना तर ती सैल व्हायची!”

शेजारी आत्या तांदूळ निवडत होत्या. आजेसासूबाईंची ही लेक, वय ऐंशीच्या पुढं. त्या कडाडल्या, “सैल व्हनारच! आईचं लगीन लढाईच्या दिसांत झालं. घरचं भात इंग्रज सरकार न्यायचं, रेशनवर किडकी जवारी मिळायची. आई बारीक नव्हती गं, उपाशी होती!”

मी उठले, ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर पोटभर भात जेवले.

वाकी उद्या कर्जतच्या सोनाराकडे जाईल, वाढवून घ्यायला. दंड हाय तेवढाच राहील.

तुमच्या घरात कुणाच्या उपासमारीचं माप सुनेला लावतात गं?