साडीवरचा शर्ट

जालन्याच्या हॉटेलातल्या मोठ्या खोलीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर शर्ट घालायला लावला.

गड्याचा शर्ट. लांब बाह्यांचा, मळका. त्यांच्या माणसानं तो पिशवीतून काढला आणि माझ्या हातात दिला. मी दिवाळीची साडी नेसून गेले होते. हिरवी, काठाची. रानात आम्ही बायका साडीवर घरातल्या माणसाचा शर्ट घालतो. ऊन लागू नये, कापसाच्या पऱ्हाटीनं हात ओरबाडू नयेत म्हणून. पण ते रानात. इथं पंखे होते, गालिचा होता, समोर बियाणं कंपन्यांचे अधिकारी टाय लावून बसले होते.

"घाल," साहेब माईकवर म्हणाले. "अन् खुर्चीवर नको. खाली बस, बांधावर बसतेस तशी. नॅचरल वाटलं पाहिजे."

समोरच्या कोवळ्या पोरांनाही ते "तुम्ही" म्हणत होते. मला "तू".

मी शर्ट घातला. खाली बसले. कुणीतरी हसलं.

"चौथी शिकलेली बाई," साहेब म्हणाले. "पण बायकांची सगळी टोळी हिच्या शब्दावर चालते. दाखव गं तुझं नख."

मी अंगठा वर केला.

ते नख आम्ही मुद्दाम वाढवतो. कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम असतं. उद्या फुलणारी कळी आज दुपारी नखानं सोलायची, आतले नराचे बारीक तुरे खरडून काढायचे, वर लाल कागदाची टोपी बसवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या झाडाचं नर फूल तिच्यावर घासायचं. एवढंच काम. पण एक तुरा राहिला तरी बियाणं बिघडतं. कंपनी घेत नाही.

साहेब आमच्याच गावचे. मोठ्या जमीनमालकांचे धाकटे चिरंजीव. माझा सासरा त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. साहेब पुण्याला शिकले, तिथंच कारखान्यात मोठे अधिकारी झाले, मग नोकरी सोडली. माणसांचं पुढारपण कसं करायचं हे ते मोठमोठ्या अधिकाऱ्यांना शिकवायला लागले. त्याचे पैसे मिळतात हे आम्हाला खरं वाटत नव्हतं. मग गाडी आली. मग पुस्तक आलं. पुस्तकाच्या मागं हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो.

त्या पुस्तकासाठीच ते एकदा आमच्या प्लॉटवर आले होते. मला म्हणाले, "टोळीत एखादी बाई कमजोर असली तर तू काय करतेस?"

मी कासाबाईचं सांगितलं.

कासाबाईनंच मला हे काम शिकवलं होतं. मी नवी नवरी होते, माझं नख मोडायचं, मी रडायचे. ती म्हणायची, "रडू नको बाई. नख वाढतंय." पुढं तिची नजर गेली. पुरती नाही, पण बारीक तुरे दिसेनात. तेव्हा काही कुणी ठरवलं नाही. एका दुपारी टोळीतल्या रुक्मिणनं तिच्या हातातली ओळ आपल्याकडं घेतली आणि तिला लाल कागदांचा गठ्ठा दिला. "मावशी, तुम्ही टोप्या करा." तेव्हापासून कासाबाई दुपारी टोप्या करायची, पाणी आणायची. सकाळी मात्र ती आमच्या बरोबरीनं फुलं घासायची. टोपीचा लाल रंग तिला दिसायचा, बाकीचं हाताला कळायचं. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, सगळ्यांना सारखी. आमच्याकडं असंच चालतं. यात माझं पुढारपण काही नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "असं सांगितलं तर लोकांना त्यातून शिकवण काय मिळणार?"

मी परत कळ्या सोलायला लागले.

आणि त्या दिवशी हॉटेलात, मी खाली बसलेली असताना, ते म्हणाले, "या बाईच्या टोळीत एक म्हातारी होती. नजर गेलेली. हिची गुरूच ती. पण हिनं मन घट्ट केलं. एका दिवसात तिला घरी बसवलं. तण वेळेवर उपटा, तर पीक येतं! बराबर ना गं?"

माईक माझ्या तोंडासमोर आला.

नाही म्हणायला एवढासा श्वास लागला असता. मी मान हलवली. हो म्हणून.

टाळ्या झाल्या. मी हे माईकवर सांगत नाही, म्हणून खरं सांगते. त्या टाळ्या मला गोड लागल्या. अंगात मळका शर्ट होता, लाजेनं कान तापले होते, तरी गोड लागल्या.

पुस्तकात तो धडा आहे. "तण वेळेवर उपटा." मी बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचला. कासाबाईचं नावसुद्धा घातलंय. मी पुस्तक पेटीत साड्यांच्या खाली ठेवलं.

पुढच्या हंगामात कंपनीचा नवा सुपरवायझर प्लॉटवर आला. शहरातला पोरगा, बोलायला गोड. कासाबाई बांधावर बसून टोप्या करत होती.

"ही आजी कोण?"

"आमचीच हाय," मी म्हणाले.

"हिला दिसत नाही वाटतं. मग कामावर कशी?" तो हसला. "मावशी, तुम्हीच तर त्या पुस्तकातल्या. आम्ही सगळे होतो ट्रेनिंगला. तुम्ही स्वतः हो म्हणालात की. अन् आता परत ठेवली? नाही हं, आता नियम म्हणजे नियम. नजर अधू असलेल्या बाईला हजेरी नाही."

कासाबाईचे हात थांबले.

"मला कवा काढल्तं गं तू?" तिनं विचारलं.

सगळ्या बायका ओळीतून माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली बघितलं. तेवढंच मला येत होतं.

कासाबाईनं गठ्ठा खाली ठेवला. कागद उडू नयेत म्हणून त्याच्यावर एक दगड ठेवला. मग पांदीच्या वाटेनं निघून गेली. हात पुढं धरून, चाचपडत.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं होती. मी म्हणाले, "मावशी, मला बोलायचं सुचलं न्हाई."

"डोळ्याला दिसत न्हाई मला. कानाला ऐकू येतं," ती म्हणाली. "सायबाच्या म्होरं मान हलवता आली तुला. माझ्यासाठी न्हाई हलली."

तिनं मला बस म्हटलं नाही.

त्यानंतर साहेबांचा निरोप आला. दुसरं पुस्तक निघालं होतं, औरंगाबादला मोठा कार्यक्रम होता. मी गेले. यावेळी ठरवून गेले. तोच माणूस, तीच पिशवी. त्यानं शर्ट पुढं केला. मी हात मागं घेतले. खुर्चीवर बसले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसले, आणि तीच गोष्ट सांगितली. म्हातारी, नजर, तण. "बराबर ना गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "मी तिला काढलं न्हाई. तुमच्या पुस्तकामुळं तिचं काम गेलं. अन् मी मान हलवली म्हणून गेलं."

मला वाटलं, झालं, खरं सांगून झालं.

साहेबांनी माईक वळवून घेतला. "बघितलंत?" ते म्हणाले. "खरा पुढारी असा असतो. श्रेय घेत नाही, दोष मात्र स्वतःकडे घेतो. जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. या वेळी गोड लागल्या नाहीत.

एसटीनं परत येताना कळलं. त्या खोलीत मी काहीही बोलले तरी ते त्यांचंच होणार. खरं बोलायची जागा ती नव्हतीच. ती बांधावर होती. दगडाखाली ठेवलेल्या कागदांजवळ. तिथं मी गप्प बसले होते.

मग मी सुपरवायझरला सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "कासाबाईला हजेरी असंल तर टोळी यील. न्हाईतर न्हाई."

"टोळ्या पुष्कळ आहेत, मावशी," तो म्हणाला.

खरंच होत्या. आमच्यातल्या निम्म्या बायका दुसऱ्या टोळीत गेल्या. "तुझ्या पापाला आमची लेकरं उपाशी का?" एकीनं तोंडावर विचारलं. तिचं चुकलं नाही. रुक्मिण आणि आणखी दोघीचौघी राहिल्या. आम्ही आता दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातो. कमी मिळतं. क्रॉसिंग लागलं की मी कासाबाईच्या दारात उभी राहते. म्हणते, "मावशी, चला. आपण मिळून जाऊ त्या सुपरवायझरच्या म्होरं." ती पाठ फिरवते. पुढच्या हंगामातही मी जाणार आहे. तिनं माफ करावं म्हणून नाही. ती जागा तिची आहे म्हणून.

परवा साहेबांचा माणूस पुन्हा आला होता. पिशवी हातात. म्हणाला, पुस्तक नव्यानं छापायचंय, साहेबांना तुमचा फोटो पाहिजे. शर्टातला.

मी दारातूनच सांगितलं.

"सायबाला म्हणावं, ती बाई खोटं बोलल्ती. कासाबाईचं नाव पुसा. अन् तण पाहिजे असंल धड्याला, तर माझं नाव घाला अन् उपटा मला. मान मी आता हलवणार न्हाई."