ओला हात, कोरडा हात

माझ्या काकूला रंगकाम करताना ज्यांनी पाहिलंय ते सांगतील, ही बाई शिडीवर असली की तिच्याशी बोलायची सोय नसायची. काही विचारलं तर ब्रश न थांबवता "हं" म्हणायची, आणि त्या "हं"चा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. काका होते तोवर ती त्यांच्या हाताखाली भिंती घासायची, पुट्टी भरायची. काका गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही घरी बसेल. तिने काकांच्या कामाच्या शर्टाच्या बाह्या कापल्या, तो स्वतःच्या अंगात चढवला आणि लोकांची घरं रंगवायला निघाली. पुढे तिच्याकडे इतकं काम यायला लागलं की लोक तिच्या तारखा बघून लग्नं ठरवायचे, असं माझे बाबा म्हणायचे. बाबांना जरा वाढवून सांगायची सवय होती.

ती वरच्या मजल्यावर राहायची, आम्ही खालच्या. तिच्यात आणि माझ्या आईत, म्हणजे दोघी जावांमध्ये, मी शाळेत असल्यापासून अबोला होता.

कारण सांगायला मला अजूनही लाज वाटते, इतकं ते फालतू आहे. काकूने आमच्या खोलीला हौसेने रंग दिला होता. फिकट हिरवा. तो तिने दुकानातून तयार आणला नव्हता, स्वतः थोडा थोडा मिसळून जमवला होता. रंग वाळला, पाहुणे आले, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "छान आहे, फक्त दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." काकू म्हणाली, "मग दवाखान्यातच जाऊन राहा." संपलं. आधी काका गेले, मग बाबा गेले. दोन्ही वेळेला दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, डोळे पुसले आणि पुन्हा गप्प झाल्या. आईने तो रंग मात्र कधी बदलला नाही. दर वर्षी भिंत पुसून घेते, पण दुसरा रंग लावायचं नाव काढत नाही.

घर एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. त्यामुळे बोलल्याशिवाय भागायचं नाही, आणि ते सगळं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. "तुझ्या आईला सांग, टाकी भरली." "तुझ्या काकूला सांग, दिसतंय मला." दोघी समोरासमोर उभ्या असल्या तरी हेच. पोस्टमनला निदान सुट्टी असते.

आता काकूच्या कटलेटचं सांगते. एका जपानी खानावळीचं काम काकूला मिळालं होतं. मालक स्वतःच स्वयंपाक करायचा. त्याला आपली भाषा येत नव्हती आणि काकूला कोणतीच भाषा फारशी लागत नसे, त्यामुळे दोघांचं मस्त जमलं. रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत ती त्याच्या ओट्याशी उभी राहून बघायची. चिकनचा तुकडा तो मधून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, ठोकून सगळीकडून सारख्या जाडीचा करायचा, मग आधी कोरडं पीठ, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा जाडसर चुरा, आणि तेलात. काकूला ते लगेच पटलं. "आपलंच काम आहे गं," ती मला म्हणाली होती. "आधी भिंत सपाट करायची, मग अस्तर, मग रंग. अस्तर नीट नसलं की पोपडा सुटणारच." त्या माणसाने तिला एकच गोष्ट हाताला चापट मारून शिकवली: एक हात ओला, एक कोरडा. पीठ आणि चुरा उजव्याने, अंडं डाव्याने. दोन्ही मिसळले की बोटांवर लगदा होतो आणि तुकड्यावरचं सगळं निघून येतं. हे मी खाली येऊन आईलाही सांगितलं होतं.

त्यानंतर दर रविवारी आमच्या डोक्यावर ठोकाठोक सुरू व्हायची. आई खाली वैतागून म्हणायची, "झालं सुरू." थोड्या वेळाने मी वरून झाकलेली थाळी घेऊन यायचे. पट्ट्या कापलेलं सोनेरी कटलेट, बाजूला बारीक चिरलेला कोबी. आई एक शब्दही न बोलता खायची. अबोला तोंडाचा होता, पोटाचा नव्हता. थाळी परत जायची तेव्हा इतकी घासलेली असायची की त्यात तोंड दिसावं. काकू ती उजेडात धरून बघायची आणि "हं" म्हणायची.

मागच्या वर्षाच्या शेवटी काकूला अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, वाचा वाचली, पण डावा हात गेला. तो खांद्यापासून नुसता लोंबायचा. ती त्याला उचलून मांडीवर ठेवायची आणि त्याच्याकडे अशी बघायची, जणू कामचुकार गडी आहे.

तिचा मुलगा, माझा चुलत दादा, दुसऱ्या शहरात असतो. त्याने तिला घेऊन जायचं ठरवलं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं. त्याच्या घरी लिफ्ट आहे, दिवसभर माणूस ठेवता येतो. काकू म्हणाली, मी इथून हलणार नाही. शेवटी दादा फोनवर म्हणाला, "रविवारी येतो. तुझं जेवण तू तुझ्या हाताने करून दाखव. जमलं तर राहा. नाही जमलं तर कपडे भरायचे, आणि मग कुरकुर नाही."

शहाण्या बाईने भात टाकला असता, अंडं उकडलं असतं आणि जिंकली असती. काकूने चिकन आणायला सांगितलं.

"अगं, काहीतरी सोपं कर ना," मी म्हटलं.

"मला सोपं करून राहायचं नाहीये," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी वर गेले. ठोकण्यापर्यंत तिने निभावलं. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही, आणि लाटण्याचे घाव उजव्या हाताने. खरी पंचाईत पुढे झाली. एकच हात पिठात, तोच अंड्यात, तोच चुऱ्यात. दुसऱ्या तुकड्यापर्यंत चिकनपेक्षा तिच्या बोटांनाच चुरा जास्त लागला होता. हात धुतला, पुसला, पुन्हा तेच. चिमटा वापरून बघितला, तर चिमट्याने धरलेल्या जागेवरचं सगळं खरवडून निघालं.

"मी धरू का?" मी विचारलं.

"आज धरशील. उद्या तू कामाला गेलीस की? त्याला फसवू का मी?"

तिने अंड्याची थाळी स्वतःकडे ओढायला हात घातला. निकामी डावं कोपर थाळीच्या काठावर पडलं आणि ती उलटून खाली गेली. त्या आवाजाने घर हादरलं. काकू तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तिला रडताना घरातल्या माणसांच्या मरणाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना. मी फडकं शोधत बसले.

जिन्यावर चपला वाजल्या. आई दारात आली. काकांच्या तेराव्यानंतर, म्हणजे किती वर्षांनी, ती या दारात उभी होती. तिने जमिनीवरचं अंडं बघितलं, काकूचा चुऱ्याने माखलेला हात बघितला. मग साडीचा पदर खोचला, दोन नवी अंडी फोडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "विचार तिला, ओलं काम कुठल्या हाताचं?"

काकूने चुऱ्याने माखलेला हात फडक्याला पुसला. मग म्हणाली, "सांग तिला, डाव्या."

आई तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

आणि मग जे झालं ते बघून हसावं की रडावं मला समजेना. कोपराला कोपर लागलेलं, डोकी त्याच तीन थाळ्यांवर वाकलेली, आणि निरोप माझ्यामार्फत.

"सांग तिला, तुकडा पिठातून काढून देतेय, झेल."

"सांग तिला, झेलला."

"सांग तिला, जास्तीचं अंडं निथळू दे. घाई कशाची आहे?"

"सांग तिला, तेल तापलंय, म्हणून घाई आहे."

काकू उजव्या हाताने तुकडा पिठात लोळवून आईला द्यायची, आई अंड्यात बुडवून अलगद चुऱ्यावर ठेवायची, काकू वरून चुरा टाकून तळव्याने हलकेच दाबायची. चौथ्या तुकड्याला निरोपही लागले नाहीत. चुऱ्याचा एक कण तेलात टाकला, तो फसफसत वर आला, आणि कटलेट एकेक करून आत गेली. तळून झाल्यावर काकूने ती जाळीवर उभी केली, म्हणजे वाफेने खालची बाजू मऊ पडत नाही. रंग असा आला होता की खानावळवाल्यानेही मान डोलावली असती.

तेवढ्यात दादा आला. हातात मोठी रिकामी बॅग. आई हात धुवायला मोरीत गेली. दादाने जाळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आई! हे एकटीने केलंस?"

मी तोंड घट्ट मिटलं. नुसतं "हं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि "हं" म्हणण्यात तर काकूचा हात कोणी धरू शकलं नसतं.

"नाही," काकू म्हणाली. "एकटीने नाही जमलं."

दादाने बॅग हळूच खाली ठेवली. आई मोरीतून तरातरा बाहेर आली.

"एकटीने कशाला करायचं? मी काय मेले होते?"

दादा तिला काकी म्हणतो. तो शांतपणे म्हणाला, "काकी, रागावू नका. पण तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. उद्या ही इथे पडली तर हाक कोणाला मारेल? ही दिवसभर कामावर." शेवटचं माझ्याकडे बोट दाखवून.

आईने पदराला हात पुसले, पुसतच राहिली. मला त्या दोघींचा इतका राग आला की ती हिरवी भिंत फोडून टाकावीशी वाटली.

"गार होतंय," काकू म्हणाली आणि सुरी घेतली. कटलेट पाटावर ठेवून तिने सुरी टेकवली, तर ते सुरीबरोबर सरकलं. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकलं. चुरा सांडायला लागला. दादा मान खाली घालून बसला होता. आई पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी कटलेट धरलं. काकूने जोर लावून सुरी खाली आणली, सुरी कडक चुऱ्यावरून घसरली आणि आईच्या बोटांकडे गेली.

"बोटं आत घे!" काकू ओरडली.

माझ्याकडे न बघता. निरोप द्यायला वेळच नव्हता.

आईने बोटं आत घेतली. सुरी पाटावर आपटली. कोणालाच लागलं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

"काप तू," आई म्हणाली. "मी धरलंय. हळू काप."

काकूने कापलं. आवाज आला, कुर्रम, कुर्रम, पट्टीमागून पट्टी. दादा जेवला, भरपूर जेवला, आणि संध्याकाळी निघताना बॅग रिकामीच घेऊन गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "लक्ष ठेव."

सोमवारी सकाळी मी कामावर जायला निघाले होते, तर वरून हाक आली. सवयीने मी पर्स खाली ठेवून जिन्याकडे वळले. पण हाक मला नव्हती. "अगं ए, येतेस का जरा," असं काकू आईला म्हणत होती, आणि आई तोवर अर्ध्या जिन्यात पोचली होती.