न घासलेली कालवं

अंगात भय शिरले की रक्तातले पहारेकरी गांगरतात. हा नियम जसा माणसाला, तसाच कालवाला! पाठीला कणा नाही, चेहऱ्याला डोळे नाहीत, दोन शिंपल्यांच्या कुशीत निजलेला तो मऊ जीव. पण धक्का बसला की त्याच्याही रक्तात ताणाचे संप्रेरक उसळते, त्याचा निरोप पेशींना पोहोचतो, आणि जंतू गिळणाऱ्या त्या पेशी मंदावतात.

त्या जीवांची सेवा आमच्या शैलजाकाकूंकडे. मूळच्या नागपूरच्या, जन्माच्या शाकाहारी, आता अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या. पन्नाशीत अटलांटाच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागल्या. टाकीतले पाणी राखावे, खारटपणा मोजावा, आणि प्रत्येक कालव नळाखाली असे लख्ख घासावे, जणू देवाची उपकरणीच!

यंदा संशोधक विद्यार्थिनी सईचा प्रयोग अडला. मुद्दाम हलवलेली कालवं आणि निवांत ठेवलेली कालवं, दोन्हींच्या पेशी सारख्याच मंद. तीन वर्षांचे काम. कारण सापडले नाही तर प्रयोग बंद, आणि मुदत शुक्रवारची.

सोमवारी सई टाकीपाशी हताश बसली होती.

“काकू, या ग्रुपला तर कोणी हातसुद्धा लावलेला नाही. मग ही घाबरली कशाला, यार?”

काकूंचा ब्रश थांबला.

“लावलाय गं. मीच. तू रक्त काढायला सुई टोचायच्या आधी सगळी घासून काढते.”

“काय? प्रोटोकॉलमध्ये तसं कुठे आहे?”

“प्रोटोकॉलमध्ये नसेल, माझ्या हाताला आहे ना! मळकं दिसलं की राहवत नाही. तुझी तीन वर्षं मीच धुऊन टाकली, सई.”

कोणी पाहिले नव्हते, कोणी विचारले नव्हते. गप्प राहणे किती सोपे होते! पण जी माउली कालवाच्या अंगावर शेवाळ ठेवीना, ती मनावर खोटे कसे ठेवील?

सईने उठून काकूंना मिठीच मारली. “काकू, तुम्ही कारण दिलंत!”

गुरुवारी निवांत गटातल्या एकाही कालवाला पाण्याबाहेर काढले नाही. शिंपल्याला पूर्वीच पाडलेल्या खाचेतून, टाकीतल्या टाकीत, सईने अलगद रक्त घेतले. पेशींपुढे जंतूंऐवजी रंगवलेले यीस्टचे कण ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काकू हात जोडून उभ्या. “जेवतायत का गं?”

“पोटभर, काकू! हलवलेली उपाशी, आणि ही बघा, पंगतच बसलीय!”

काकू वाकल्या. रंगीत कण पोटात घेऊन एकेक पेशी झळकत होती. शैलजाकाकू हसल्या, रडल्या, आणि त्या मळकट कालवांना त्यांनी मनोभावे नमस्कार केला.