धोंडबाच्या हातचा कडू घास

रुखमाबाईले किळस फार. लहानपणापासूनच. उमरेडले माहेरी कोणी ताटात उष्टं सोडलं का हिचं जेवण तिथंच संपायचं. माय म्हणे, "एवढं नाक घेऊन कोण्या घरी जाशीन वं?" अन् अशा बाईच्या नशिबी आला चंद्रभान.

चंद्रभान नागपूरले संत्रा मार्केटात हमाल. खांद्यावर सडक्या संत्र्याचा रस वाळलेला, त्याच्यावर माशा, अन् तोंडाले मोहाच्या दारूचा वास. संध्याकाळी आला का उंबऱ्यातच ओकायचा. रुखमाबाईनं राख टाकून ते उचलायचं, नाकाले पदर लावून. बोललं का मार. लेकरूबाळ नव्हतं, त्याचाही राग तिच्यावरच. एक दिवस तं ती जेवत बसली होती अन् यानं तिच्या ताटात थुंकून देल्लं. मार विसरली ती, पण थुंकणं नाही विसरली. दुसऱ्या दिवशी तिनं याचा जर्मलचा मग अलग काढला अन् दाराबाहेर खिळ्याले टांगला.

"पाणी बाहेरच प्या. माह्या मडक्याले तुमचा हात नोको."

"कुत्र्याले बी घरात पाजतेत वं!"

"कुत्रं ताटात थुंकत नाही."

चंद्रभानचा मोठा भाऊ नानाजी कळमेश्वरले राहे, शेती होती त्याची. रुखमाबाई त्याच्यापाशी रडली, तं तो म्हणे, "मर्दाची जात हाय बाई, चालतेच." चहा पेला अन् गेला.

अडुसष्ट साली भरल्या हातगाडीचं चाक चंद्रभानच्या पायावरून गेलं. लोकायनं मिशनच्या दवाखान्यात टाकलं. वॉर्ड भरला होता म्हणून खाट मागच्या व्हरांड्यात लावली. व्हरांड्याच्या त्या टोकाले अजून एक खाट होती. तिच्यावर धोंडबा, महारोगी. हाताले बोटं उरली नव्हती. चुलीपाशी बसून होता, पाय जळून राहिला हे त्याले समजलंच नाही. वास आला तवा समजलं. पट्टीतून पू गळे, खाटेखाली माशा.

चंद्रभान ओरडला, "हटवा त्याले इथून! ओकारी येऊन राहिली."

सुहासिनीबाई म्हणून ख्रिस्ती नर्स होती. ती थर्मामीटर झटकत म्हणे, "काल तुमच्या तोंडाचा वास त्यालेही आला. तो काही बोलला का?"

धोंडबाच्या उशापाशी येशूच्या शुभवर्तमानाचं पुस्तक. नर्सबाई टाइम भेटला का वाचून दाखवे. एक दिवस ती कामात, तं धोंडबा तिकडून म्हणते, "काहून गा, शाळा पाह्यली होती का?"

"चवथी."

"मंग वाच ना. तुले दुसरं काम काय हाय? पाय तं टांगून ठेवला."

बसून बसून कंटाळला होता, म्हणून चंद्रभाननं पुस्तक मागवलं. नर्सबाईनं आणून देल्लं. एकेक अक्षर लावून वाचे.

"वाचून राहिला का गिट्टी फोडून राहिला गा?" धोंडबा हासे.

"तू वाच मंग!"

"माह्याच्यानं पान नाही पलटत, बाप्पा. फोड तू, मी गोळा करतो."

असं करता करता एक गोष्ट आली. एक महारोगी येते, लोक बाजूले सरकतेत, अन् येशू हात लांब करून त्याले शिवते. मंग बरा करते. चंद्रभान वाचता वाचता थांबला.

"हे आधी हात काहून लावला? दुरून म्हटलं असतं तरी बरा झाला असता ना तो?"

धोंडबानं आपले थोटे हात वर करून पाह्यले. मंग म्हणे, "मले शेवटी कोणी हात लावला, माय होती का बायको, आठवत नाही आता. बरं होणं मी मागतही नाही गा."

चंद्रभाननं तोंड भिंतीकडं केलं. तेवढ्यात रुखमाबाई डब्बा घेऊन आली. पाहते तं नवरा रडून राहिला. तिले वाटलं दारू भेटत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी आली तं खाट खाली. हा आपला बांधलेला पाय घसटत घसटत त्या टोकाले गेलेला, अन् तिच्या हातची कालची भाकर कुस्करून धोंडबाच्या तोंडात घालून राहिलेला. त्याच हातानं मधामधात आपणही खाऊन राहिला. रुखमाबाई कठड्याले धरून ओकली. डब्बा तिथंच ठेवला अन् घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

चंद्रभान लंगडत घरी आला. दारू एका झटक्यात नाही सुटली. दोनचारदा पडलाच नालीत. पण उठला का रुळापलीकडच्या महारोग्यायच्या वस्तीत धोंडबापाशी जाये अन् पुस्तक उघडे. म्हणे, "त्यायले वाचून दाखवाचं असलं का मले तोंडाचा वास चालत नाही." अशी सुटली. मारही थांबला. एक दिवस उंबऱ्यात बसून तो म्हणे, "तुह्या ताटात थुंकलो होतो मी. त्यायच्या पुवाले दवा हाय वं. माह्या त्या थुंकीले नव्हती."

 तरी त्याचा मग खिळ्यालेच राहिला. पहिले ओकारीचा वास, आता पुवाचा अन् फिनाइलचा. तो वस्तीत वाचे, मंग बसून त्यायच्या जखमा धुये. घरी आला का ती नाकाले पदर लावे. तो बाहेरच पाणी पे, आपला मग घासे, टांगून ठेवे. वर्षं गेली, एका शब्दानं तक्रार नाही.

एकाहत्तर साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. नानाजी कळमेश्वरहून धावत आला.

"बाटला! मिशनच्या दुधाच्या भुकटीसाठी बाटला, साला!"

रुखमाबाईनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. "भुकटी भेटली असती, तं चहा काळा काहून असता, भाऊजी?"

"तू बी त्याचीच बाजू घेशीन?"

"बाजू नाही घेत. मले माह्या नवऱ्याची किळस येते, आजही येते. पण मी मार खात होती तवा तुमची जात कोठी गेली होती, तेवढं सांगून जा."

त्या दिवशी नानाजीनं चहा नाही पेला.

घरात कंदिलाले तेल नव्हतं म्हणून ती एकदा नवऱ्याले बोलवाले वस्तीत गेली. सडकेवरच थांबली, पदर नाकाले. या लोकायले तिनं रामटेकच्या जत्रेत पाह्यलं होतं, भिकेच्या तुकड्यासाठी एकमेकायले चावतानी. इथं एकच चूल पेटली होती. यमुताई म्हणून एक बाई होती, तिची बोटं वाचली होती. ती स्वयंपाक करे, अन् ज्यायले बोटं नव्हती त्यायले घास भरवे. चंद्रभान वाचून राहिला होता. आता गिट्टी नव्हता फोडत, सरसर वाचे. अन् धोंडबा त्याच्या आधीच पुढचं बोलून टाके, ऐकून ऐकून सारं पाठ. त्या टोकाच्या झोपड्यायमधल्या लोकायले तो जाऊन सांगे म्हणतेत. रुखमाबाई हाक न मारताच परत आली. मन थोडं हाललं. पण घरी आल्यावर पाय घासून घासून धुतलेच.

ब्याऐंशी साली चंद्रभानले कावीळ झाली. आधीच्या दारूनं आत खाऊन ठेवलंच होतं. पिवळा पडला, पोट फुगलं. शेवटच्या दिवशी रुखमाबाई त्याचा मग घरात आणाले बाहेर गेली, तं तो म्हणे, "राहू दे वं, बाहेरचं पाणी गोड लागते मले आता." हासला अन् दिवस बुडाच्या आधीच वारला.

दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती लोकायच्या मसणात नेलं. नानाजी अन् त्याची बायको सुभद्रा आले. सडकेवरच उभे, नाकाले दुपट्टा. सख्ख्या भावानं खांदा नाही देल्ला. वस्तीतल्या लोकायचे पट्ट्या बांधलेले खांदे लागले त्याच्या मढ्याच्या बाजीले. हे त्याच्याच घरचे लोक, सांगतानी थुंकावं वाटते.

आपल्या इकडं मरणाच्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. सोयरे भाकर-झुणका घेऊन येतेत अन् घरच्यायच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालतेत. त्याले कडू घास म्हणतेत. तो भरवल्याशिवाय घरचं माणूस अन्नाले शिवत नाही. रुखमाबाई थंड चुलीपाशी बसून राहिली. कुडाच्या पलीकडून सुभद्राचा आवाज आला, "त्याच्या नावाचा घास देल्ला, तं आपल्या पोरीचं लग्न कोठी जमन?"

नानाजी म्हणे, "चाल, कळमेश्वरची मोटर निघून जाईन."

गेले. जन्मभर हिच्या हातचं खाल्लेले लोक. शेजारच्या बायायनं दारं लावून घेतली. रुखमाबाईले आयुष्यभर पुवाची किळस येत होती, ओकारीची, थुंकीची. त्या दिवशी जी किळस आली, ती तिले कधीच आली नव्हती. घाण धुतली का जाते. यायले कोण्या पाण्यानं धुवाचं?

दिवस कलला तवा दाराशी खाकरल्याचा आवाज आला. धोंडबा. मनगटाले फडकं बांधून त्यात डेगची लटकवलेली. उंबऱ्याच्या बाहेरच बसला. दातानं गाठ सोडली.

"वहिनी, मी हात नाही लावला याले. यमुताईनं केलं, तिची बोटं हायेत. पळीनंच वाढलं तिनं. तुमी आपल्या हातानं काढून खा. मी सरकतो तिकडं." अन् सरकलाही.

रुखमाबाई उठली. खिळ्यावरचा मग काढला, मडक्यात बुडवला, भरून बाहेर आणला अन् त्याच्यापुढं ठेवला.

"कडू घास आपल्या हातानं खातेत का गा?"

"वहिनी..."

"कोणी भरवाले नाही आलं. तू आला हायेस. भरव."

धोंडबानं दोन्ही थोट्यायच्या मधात भाकरीचा तुकडा धरला, झुणक्यात बुडवला. पट्टीले फिनाइलचा वास. रुखमाबाईले किळस आली, आली म्हणजे आलीच. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं अन् त्याचं मनगट धरून घास घेतला. चावला. गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणे.

"यमुताईचं असंच राहते," धोंडबा म्हणे. रडून राहिला होता तो.

"तुले पाठ हाय ना ते? हात लावल्याची गोष्ट?"

"हाव."

"माह्या नवऱ्यानं लय खेप सांगतो म्हटलं, मी ऐकलीच नाही. सांग. पण आधी दुसरा घास दे."