राजन्नाचं पिंप

आमच्या जंगल नाक्यावर जप्त केलेलं लाकूड पडून राहायचं. न्यायला कोणी यायचं नाही, सरकार लिलाव करायचं नाही, ढीग मात्र वाढत जायचा. राजन्नाच्या हॉटेलातले किस्से माझ्याकडे असेच साचले आहेत. काही माझे, काही ऐकलेले, आणि दोन-तीन तर घरच्यांपासून लपवलेले! आता घरात रागावणारं कोणी उरलं नाही, म्हणून सांगतो.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणायचे आणि कारभार नागपुराहून चालायचा. मी जंगल खात्यात नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलबंड्या थांबवायच्या, मालाचा पास पाहायचा, गवताखाली सागाचा ओंडका तर नाही ना म्हणून काठी खुपसायची. वीस वर्षं हे केल्यावर माणूस देवळातल्या प्रसादाकडेसुद्धा संशयानं पाहतो!

राजन्ना मूळचा सिरोंच्याचा. एका इंग्रज जंगल अधिकाऱ्याकडे तो बटलर होता. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना पेयं हलवायचा झाकणाचा डबा राजन्नाला देऊन गेला. त्या डब्याच्या भरवशावर राजन्नानं चांद्याच्या जटपुरा गेटाबाहेर चार टेबलांचं हॉटेल टाकलं. बायको लक्ष्मीबाई मासे आणि भात करायची, राजन्ना 'मिक्श्चर' करायचा. चाल साहेबलोकांच्या कॉकटेलची, पण माल इथला. सरकारी ठेक्यावरची मोहाची दारू, त्यात लिंबू, मध, आलं, जांभळाचा रस आणि कोपऱ्यातल्या लाकडी पिंपात मुरत ठेवलेलं काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे काय, हे तो कोणालाच सांगायचा नाही. त्याचा परवाना फक्त ठेक्याची दारू विकायचा होता. पिंपात तो स्वतः दारू तयार करतो असं ठरलं, तर परवाना गेला, हॉटेल गेलं आणि राजन्ना तुरुंगात! हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून तिथे बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याकडे तिरप्या नजरेनं पाहायचा.

*

मला तिथे पहिल्यांदा नेलं आमच्या रेंजर बोरकरसाहेबांनी. राजन्नानं डबा खडखड हलवला, ग्लास भरला, माझ्यापुढे ठेवला. रंग जांभळा. मी वास घेतला, उजेडात धरला आणि म्हणालो, "आधी तू पी."

राजन्नानं तो उचलला. एका दमात ग्लास संपवला. "चांगला आहे बाबू. तुमच्यासाठी दुसरा करतो."

दुसरा आला. आता पहिला चांगला होता म्हणून दुसराही चांगला, असं थोडंच असतं? नाक्यावर पहिली बंडी सरळ निघाली म्हणून दुसरी कोणी सोडतं का? "हाही तूच पी," मी म्हणालो.

तिसराही त्यानंच प्यायला. चौथ्यानंतर राजन्ना तेलुगूत गाऊ लागला आणि त्याला धरून मीच खाटेवर निजवलं. त्या दिवशी मी राजन्नाकडून कोरडा घरी गेलो. तसा माणूस बहुधा मी एकटाच!

*

लक्ष्मीबाईचा मरळ मासा चांद्यात प्रसिद्ध होता. मी ताटातला मासा उलटा करून, त्याचं डोकं उचलून आत पाहत होतो. ताजा आहे की कालचा, कळायला नको?

ती चुलीपाशी बसून पाहत होती. म्हणाली, "नाकेदारभाऊ, काऊन त्याचं तोंड उघडून राह्यले? पास पोटात आहे त्याच्या!"

सगळं हॉटेल हसलं. त्यानंतर मी मासा निमूट खायचो. पोटाकडचा भाग मात्र आधी बघून घ्यायचो.

*

आमच्यातले वानखेडे गुरुजी ताकाला जाऊन भांडं लपवणारे. शाळाखात्याला कळलं तर नोकरी जाईल या धास्तीनं ते औषधाची बाटली घेऊन यायचे. डॉक्टर चिकटवतात तशी डोसांची कागदी पट्टीसुद्धा तिच्यावर! राजन्ना तिच्यात मिक्श्चर भरून द्यायचा आणि गुरुजी भिंतीकडे तोंड करून एकेक डोस घ्यायचे. कोणी पाहिलं की खोकायचे. "दमा आहे हो!"

एकदा दारातून त्यांचे शाळा इन्स्पेक्टर आत आले. गुरुजींचा रंग उडाला. पळावं तर वाट एकच. इन्स्पेक्टरांनीही गुरुजींना पाहिलं. क्षणभर थबकले, मग कोटाच्या खिशातून हळूच बाटली काढली. तिच्यावरही कागदी पट्टी!

"दमा?" गुरुजींनी विचारलं.

"दमा," इन्स्पेक्टर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून शेजारी बसले.

*

पिंपात काय आहे, या विचारानं बोरकरसाहेबांची झोप गेली होती. विचारलं की राजन्ना रोज वेगळं सांगायचा. कधी आवळा, कधी चारोळी, कधी "साहेबाची आठवण". शेवटी बोरकरसाहेबांनी आपला फॉरेस्ट गार्ड मडावी त्याच्या मागावर पाठवला. राजन्ना दर मंगळवारी टोपली घेऊन जंगलात जायचा, तेव्हा तो काय गोळा करतो ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं, असा हुकूम.

मडावी संध्याकाळी परत आला.

"पाहिलं?"

"पाह्यलं साहेब. मोहफूल होतं. दुसरंबी होतं."

"दुसरं काय?"

मडावीनं डोकं खाजवलं. "साहेब, मले सगळं माहीत आहे. ह्याच जंगलात जलमलो मी. पण तुम्ही वरीसभर ते पिऊनच राह्यले ना? आता सांगून काय फायदा?"

बोरकरसाहेबांनी पुढे विचारलं नाही. आठ दिवस ते फक्त लिंबूपाणी प्यायले.

*

मग एक अनोळखी माणूस येऊ लागला. काळी टोपी, हातात वही. कोपऱ्यात बसायचा, भात खायचा, पाणी प्यायचा आणि आमच्याकडे बघून काहीतरी लिहायचा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अबकारी खात्याचाच! मी सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं.

त्या दिवसापासून पंधरा दिवस आम्ही त्या हॉटेलात देवाशिवाय बोललो नाही. गुरुजींनी गीतेचे दोन अध्याय समजावून सांगितले. मी डोळे मिटून टाळ्या वाजवल्या. राजन्नानं तर डब्याला हळदकुंकू लावलं!

सोळाव्या दिवशी तो माणूस माझ्या घरी हजर. मी दाराला धरून उभा राहिलो. तो हात जोडून म्हणाला, "मी चिमूरचा. तुमच्या मुलासाठी आमच्या भाचीचं स्थळ आहे. घराणं कसं आहे याची चौकशी करायला आलो होतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! दारूच्या दुकानात बसून हरिनाम घेणारा व्याही कुठं मिळतो, सांगा?"

लग्न झालं. सून फार चांगली निघाली. पण ज्या माणसानं इतकी वरवर चौकशी केली, त्याच्यावर मी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

*

आणि मग खरोखरच निनावी अर्ज गेला. राजन्ना पिंपात दारू तयार करतो, चौकशी व्हावी!

एका दुपारी नागपूरकडचा तरणाबांड अबकारी इन्स्पेक्टर अर्जाचा कागद फडफडवत आत आला. राजन्ना डबा हातात धरून जागीच खिळला. लक्ष्मीबाई चुलीपासून उठली आणि तिनं थेट माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही तर नाई ना केला?"

मला फार लागलं. आयुष्यभर मी लोकांकडे जसं पाहत आलो, तसं त्या दिवशी कोणीतरी माझ्याकडे पाहत होतं. "देवाशपथ नाही, बाई," एवढंच तोंडून निघालं.

इन्स्पेक्टरनं पिंपाचं झाकण काढलं. काठोकाठ भरलेलं, वर मोहफुलं तरंगत होती. "ही दारू आहे," तो म्हणाला. "पिंप जप्त. तुझा परवाना रद्द."

लक्ष्मीबाईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बोरकरसाहेब उठले. डेपोतून थेट आलेले, लाकडावर शिक्का ठोकायचा हॅमर त्यांच्या पिशवीतच होता. त्यांनी तो काढला आणि पिंपावर ठाणकन हाणला. सरकारी जंगलाचा शिक्का!

"फुलं दिसून राह्यली ना तुम्हाले? मोहफूल जंगलाचा माल. त्याची दारू झाली की तुमच्या खात्याची. तोवर पिंप आमच्याकडे जप्त."

इन्स्पेक्टर नवा होता. त्यानं कायदा आठवून पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. "मग दारू झाली की नाही, हे ठरवायचं कोणी?"

"तुम्हीच ठरवा. तुमचं खातं!"

इन्स्पेक्टरनं ग्लास मागवला, पिंपात बुडवला आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून बसलो. राजन्नाचं आयुष्य त्या एका घोटात होतं.

त्यानं ग्लास संपवला. मिशा पुसल्या.

"अजून झाली नाही," तो म्हणाला. "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हजर. लक्ष्मीबाईनं न मागता तळलेला मासा पुढे ठेवला. त्यानं ग्लास बुडवला, प्यायला, बराच वेळ विचार केला. "अजून झाली नाही."

तिसऱ्या दिवशी त्यानं दोन ग्लास घेतले. एका ग्लासावरून खात्रीनं सांगता येत नाही म्हणाला. चौथ्या दिवशी तीन. आम्ही आपले लिंबूपाण्याचे ग्लास धरून सरकारी चौकशी पाहत बसलो होतो. पिंपावर जंगल खात्याचा शिक्का, त्याला हात कोण लावणार?

"राजन्ना, होईल काय रे?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"अय्यो, मला काय विचारता गुरुजी?" राजन्ना कुजबुजला. "त्यांना विचारा!"

नवव्या दिवशी ग्लास तळाला लागला. इन्स्पेक्टरनं बाही वर केली, पिंप स्वतः तिरपं धरलं, शेवटचा अर्धा ग्लास निथळून घेतला आणि उभ्यानंच संपवला. मग बसून पंचनामा लिहिला. "पिंपातील द्रव्याची सलग नऊ दिवस तपासणी केली. दारू होण्यापूर्वीच द्रव्य संपले. तक्रारीत तथ्य नाही." बोरकरसाहेब, गुरुजी आणि मी, तिघांनी पंच म्हणून सह्या ठोकल्या. लक्ष्मीबाई रडत होती आणि हसतही होती.

इन्स्पेक्टरनं टोपी घातली. दारापर्यंत गेला, तिथून वळला आणि राजन्नाला म्हणाला,

"पुढचं पिंप कधी भरता ते कळवा. नव्या अर्जाचं मी पाहतो."