माघात मोजलेली चौदा मिनिटं

इंदूमावशी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात, सातव्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर परवलांची पिशवी. वर जाता येत नव्हतं, खालीही येता येत नव्हतं. दोन तास झाले होते.

"हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

"मारली असती तर शालू वर आली असती. मग दोघी अडकलो असतो."

शालूमावशी ही त्यांची धाकटी बहीण. पहिल्या मजल्यावर मुलगा-सुनेसोबत राहायची. मी तिच्याच आखडलेल्या खांद्यासाठी आले होते. खांदा राहिला बाजूला. इंदूमावशींच्या काखेखाली हात घालून त्यांना वर नेलं.

मी फिजिओथेरपिस्ट. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर पक्क्या महालात घरोघरी जाऊन गुडघे आणि खांदे बघत असे. पक्का महाल म्हणजे घाटांच्या माथ्यावरची जुनी, दाट वस्ती. पंचगंगेपासून संकठा घाटापर्यंत आमची मराठी घरं तिथंच. या गल्ल्यांत अँब्युलन्स येत नाही. आजारी माणसाला खटियावर घालायचं आणि चौघांनी सडकेपर्यंत न्यायचं. चौघे मिळाले तर. आणि खटिया जिन्यात वळली तर.

वर गेल्यावर मी मावशींची टीयूजी टेस्ट घेतली. नाव भारदस्त आहे, काम साधं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आम्ही घड्याळ लावतो. बारा-चौदा सेकंदांपर्यंत ठीक. त्याच्या पुढं माणूस कधीतरी पडणार असं धरून चालायचं. मावशींना पंचवीस लागले. वळताना त्यांनी कपाटाला हात लावला आणि मी तो पाहिला नाही असं गृहीत धरलं.

"पास?"

"नापास."

"ग्रेस मार्क?"

"नाहीत."

"मीही कधी दिले नाहीत," त्या म्हणाल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. लग्न केलं नाही. वय शहात्तर.

खाली शालूमावशीला मी स्पष्ट सांगितलं की इंदूमावशींना हा जिना आता चालणार नाही. तळमजल्यावर भाडेकरूचं साड्यांचं गोदाम होतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत पाच माणसं.

"मग काय, बाहेर काढू तिला?" शालूमावशी म्हणाली. "तूच सांग. तू डॉक्टर."

मी डॉक्टर नाही, हे मी त्या घरात वीस वर्षं सांगत होते.

तेव्हा दर मंगळवारी मी नदीपलीकडे, रामनगरच्या बाजूला, एका नव्या संकुलात जात असे. त्याचं संस्कृत नाव इतकं लांब होतं की रिक्षावाले त्याला 'बुढऊ कॉलनी' म्हणत. तिथं 'इंडिपेंडंट लिव्हिंग' होतं. म्हणजे स्वतःची खोली, स्वतःची चहाची शेगडी, स्वतःची किल्ली. जेवण हॉलमध्ये. कुणी अंघोळ घालणार नाही, भरवणार नाही. पलंगाशी आणि संडासात बेल, दाबली की माणूस येणार. हे वृद्धाश्रम नव्हे, हे डायरेक्टरसाहेब प्रत्येक वाक्यात एकदा सांगत. अट एकच. रहिवाशाला स्वतःचं स्वतः करता यायला हवं. दर सहा महिन्यांनी तपासणी, टीयूजी तीस सेकंदांच्या आत, आणि त्यावर माझी सही. जमेना झालं की घरी परत. घर कुठलं, हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

मावशींना घेऊन गेले. डायरेक्टरसाहेबांनी झेंडूचा हार घातला आणि फोटो काढवला. दाराशी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव वीतभर अक्षरांत. लिफ्टचं बटण मात्र चष्मा लावूनही दिसत नव्हतं. मी ते आधी दोनदा कळवलं होतं.

बाल्कनीत नेऊन साहेबांनी हात पसरले. "माताजी, पूरा बनारस दिखता है यहाँ से."

"हमारे घर से नहीं दिखता," मावशी म्हणाल्या. "हम उसके अंदर रहते हैं ना."

साहेब हसले. त्यांना ती स्तुती वाटली.

मग मावशींनी विचारलं, "और अंतिम समय?"

"माताजी, मरने की चिंता आप हम पर छोड़िए. एम्बुलेंस गेट पर खड़ी है. पंद्रह मिनट में उस पार."

हा प्रश्न बनारसबाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल. काशीत मेलं की मोक्ष, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पलीकडच्या काठावर मेलं की गाढवाचा जन्म, हे फक्त आम्हाला ठाऊक असतं. त्यामुळे त्या काठावर घाटांचं दृश्य उत्तम आणि म्हातारी गिऱ्हाइकं कमी.

परतताना मी विचारलं, "मावशी, तुमचा विश्वास आहे यावर?"

"बिलकुल नाही."

"मग?"

"माझं चुकलं तर दुरुस्ती कुठं करू?"

घरी त्यांनी एक वही काढली. मधोमध रेघ मारली. शाळेतली सवय. डावीकडे फायदे. लिफ्ट, बेल, संडासात धरायला दांड्या, आपली किल्ली. शालूच्या सुनेला तीन जिने पाणी चढवावं लागणार नाही. उजवीकडे तोटे. नदी. शालू. संकठादेवीचं दर्शन. सगळेच म्हातारे.

"नदी पहिली का?" मी विचारलं.

"बाकीच्यांची सवय होईल."

मी म्हटलं, साहेबांच्या पंधरा मिनिटांवर विश्वास ठेवू नका, मी स्वतः मोजते. पुढच्या मंगळवारी मी अँब्युलन्समध्ये ड्रायव्हर रामजनमच्या शेजारी बसले आणि घड्याळ लावलं. तेव्हा रामनगरचा पक्का पूल झाला नव्हता. पीपे का पुल होता. लोखंडी पिंपं रांगेनं पाण्यावर सोडायची, त्यांच्यावर फळ्या टाकायच्या. गाडी गेली की सगळं खडखडतं. माघ महिना होता. ऊन कोवळं, पाणी शांत. संकुलाच्या गेटपासून अलीकडच्या इस्पितळाच्या दारापर्यंत चौदा मिनिटं.

मी तसं सांगितलं. मावशींनी वहीत 'नदी'वर काट मारली. शेजारी लिहिलं, १४ मि., मंदा. मंदा म्हणजे मी. मग माझ्या लेटरहेडवर मी लिहून दिलं, की संकुलातलं वास्तव्य योग्य व सुरक्षित.

होळीआधी त्या राहायला गेल्या. शालूमावशी निरोप द्यायला गल्लीच्या तोंडाशीही आली नाही. खांदा दुखतो म्हणाली. खांदा तोवर बरा झाला होता.

आता खरं ते सांगते, कारण असल्या जागांविषयी लोक एक तर जाहिरात लिहितात किंवा शिव्याशाप. मावशी तिथं सुधारल्या. सपाट जमीन, वेळेवर जेवण, रोज चालणं. तीन महिन्यांत पंचवीसचे सतरा सेकंद झाले. एकदा हॉलच्या मागं त्या आणि दोन बायका खुर्ची मांडून, घड्याळ लावून टीयूजीचा सराव करताना सापडल्या.

"ही कॉपी आहे, मावशी."

"कॉपी नव्हे, रिव्हिजन," त्या म्हणाल्या. "नापास झालो की तू घरी पाठवणार ना!"

हे हसण्यावारी होतं. तरी त्या तिघींपैकी एक पुढच्या तपासणीत नापास झाली. सही माझी होती. तिला भाच्याकडे पाठवलं. हॉलमधली तिची खुर्ची त्याच दिवशी उचलली गेली, आणि मावशी जेवताना त्या जागेकडे पाठ करून बसू लागल्या. शालूमावशी एकदाही भेटायला आली नाही. फोनवर दोघी परवलाच्या भाजीबद्दल बोलत.

मग जून आला. एका मंगळवारी मी घाटावर पोचले, तर पूल नव्हता. पिंपं किनाऱ्याला ओळीनं बांधलेली. दरवर्षी पावसाळ्याआधी पूल काढतात. कार्तिकात पुन्हा घालतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. डायरेक्टरला माहीत होतं, रामजनमला माहीत होतं. तीस वर्षं मुलींना गंगेचा पूर शिकवणाऱ्या बाईंनाही माहीत होतं. माघात मात्र आमच्यापैकी एकालाही ते आठवलं नाही. पूल समोर होता म्हणून.

नावेनं पलीकडे गेले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"अब एम्बुलेंस कैसे जाएगी?"

"हाईवे वाले पुल से. घूम के."

"कितना टाइम?"

"मैडम, आज तक किसी को ज़रूरत पड़ी है?"

रामजनम खरा माणूस. तो म्हणाला, "रस्ता खाली रहे त पौन घंटा. जाम लगल त भगवान जानें."

मी मावशींना सांगितलं. लपवलं नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. त्या बाल्कनीत बसून गढूळ होत चाललेलं पाणी बघत होत्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "चार महिने शालूकडे जाऊ का? कार्तिकात परत येईन."

हाच तो क्षण. मी त्यांना उठवलं, चालवलं, घड्याळ लावलं. सतरा सेकंद. सपाट जमिनीवर पुरेसे. तीन मजल्यांच्या उंच पायऱ्यांवर, पावसाळ्यात, ओलीवर, नाही. पडून खुबा मोडला तर या वयात बहुतेक माणसं अंथरुणातून उठत नाहीत. आणि काढायला तीच खटिया, तोच जिना.

"नको," मी म्हटलं.

"हे तू मंदा म्हणून सांगतेस की फिजिओ म्हणून?"

"फिजिओ म्हणून."

"मग ठीक. मंदाचं ऐकलं नसतं."

वहीत त्यांनी काही बदल केला नाही.

श्रावणातला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. मी हॉलमध्ये एका आजोबांचा गुडघा वाकवत होते, तेवढ्यात बेल वाजली. मावशींची. खोलीत गेले तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या, घामानं भिजलेल्या, डावा हात छातीशी. बेल, माणूस, स्ट्रेचर, लिफ्ट, सगळं चार मिनिटांत झालं. जाहिरातीत लिहिलं होतं तसंच. पाणी चढल्यामुळे नावा बंद होत्या. रामजनमनं गाडी हायवेला घातली.

पुलावर एका बाजूचं काम चाललं होतं. पुलाच्या अलीकडे, रामनगरच्याच काठावर, ट्रकांची रांग. आमच्या पुढं वाळूचा ट्रक, मागं गिट्टीचा. सायरन वाजत होता. सायरनला घाबरून ट्रकनं जायचं कुठं? रामजनम खाली उतरला, ओरडला, हात जोडले, परत येऊन बसला.

मावशींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. माझी बोटं त्यांच्या मनगटावर. त्यांनी दुसऱ्या हातानं मास्क जरा सरकवला.

"पूल आला?"

"आला, मावशी."

"पाणी दिसत नाही."

"तुम्ही आडव्या आहात ना, म्हणून."

शाळेत मुलींची उत्तरं तपासायच्या तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटले. थोड्या वेळानं नाडी लागेना. मी छाती दाबायला घेतली. शिकवलं आहे तसं, मोजत. वाळूचा ट्रक गाडीभर पुढं सरकला आणि थांबला. पूल समोर दिसत होता. आम्ही त्याच्यावर चढलो नव्हतो.

इस्पितळात पोचायला एक तास वीस मिनिटं लागली. तिथल्या, शाळकरी मुलीसारख्या दिसणाऱ्या डॉक्टरनं ईसीजीची सरळ रेघ पाहिली आणि 'ब्रॉट डेड' लिहिलं. म्हणजे आणलं तेव्हाच मृत. कुठं मृत, असा रकाना त्या कागदात नसतो. वर इस्पितळाचा पत्ता छापलेला होता. कागदाच्या हिशेबानं मावशी काशीत गेल्या.

डायरेक्टरसाहेबांनी मोठा हार पाठवला. त्याच्यावर संकुलाचं पूर्ण नाव होतं.

चौदाव्या दिवशी शालूमावशीकडे गेले. तिच्या मांडीवर इंदूमावशींची वही होती. संकुलातून सामान आलं त्यात मिळालेली. तिनं ती उघडून माझ्यापुढं धरली. गेली काही वर्षं ती बाजार आणि देऊळ सोडून कुठं गेली नव्हती. पूल असतो की नसतो, याच्याशी तिचा संबंध नव्हता.

"बघ, तोट्यांत पहिली नदी लिहिलीय. दुसरी मी." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. बोटानं ओळ दाखवली. "नदी खोडलीय. मला नाही खोडलं."

तिचं बोट शेजारच्या आकड्यावर सरकलं.

"ही चौदा मिनिटं तुझी ना? मग पोचलात ना चौदा मिनिटांत?"

"पोचलो."

"पूल उतरल्यावर गेली?"

"हो. हात माझ्या हातात होता."

त्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे.

तिनं वही मिटली. "मग ठीक झालं," ती म्हणाली. "तुझ्या चहात साखर किती?" वीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. तिला ठाऊक होतं. त्यावरून तिचा माझ्यावर किती विश्वास बसला ते मला कळलं.

अजूनही लोक विचारतात, अशा संकुलात आईला ठेवावं का. मी सांगते, ठेवा. लिफ्ट खरी आहे, बेल खरी आहे, सतरा सेकंदही खरे होते. जिन्यावर मावशी बहुधा त्याच्या आधी गेल्या असत्या, अधिक वाईट रीतीनं, पण योग्य काठावर. यातलं वजनदार काय, ते मोजायचं यंत्र माझ्या धंद्यात नाही. मी फक्त एवढं सांगते, की जागा बघायला दोनदा जा आणि दुसऱ्यांदा पावसात जा.

आता रामनगरला पक्का पूल झाला आहे. परवा मी रामजनमला सोबत घेऊन पुन्हा घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. संकुलासाठीच्या अहवालात तसं लिहिलं आणि खाली ओळ घातली, श्रावणात पुन्हा मोजावं. डायरेक्टरसाहेबांचा फोन आला, की ती ओळ काढता आली तर बरं.

काढलेली नाही.